रंगपेटी उभी आहे जंगलात
जुन्या फ्रेंच शोभेच्या पेट्यांवरची नक्षी पुष्कळदा रंगवलेली नसते, तुकड्या-तुकड्यांनी जडवलेली असते. चौदाव्या लुईचा कारागीर आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२) पितळेचा पत्रा आणि कासवाच्या कवचाचा पातळ थर एकावर एक चिकटवून बारीक करवतीनं एकदमच कापायचा. एकाची वेलबुट्टी दुसऱ्याच्या खाचेत चपखल बसे, आणि उरलेल्या तुकड्यांतून उलट्या रंगसंगतीची दुसरी वस्तू तयार होई. एकोणिसाव्या शतकात आपल्या मुंबईतही हस्तिदंत, शिंग, कथील आणि रंगीत लाकडाच्या कांड्या एकत्र चिकटवून आडव्या चिरत. प्रत्येक चकतीवर तीच चांदणी. चंदनी पेट्यांवर त्या बसवल्या की माल थेट विलायतेला. मला हे सारं बल्लारपूरच्या लाकूड आगारात हटकून आठवतं. इथल्या आणि आलापल्लीच्या सागाचं नाव झालंच आहे; २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहूनच साग गेला. पण सागाच्या शेजारचा हळदू पाहा, ताजा चिरला की पिवळाधमक! शिवण फिकट दुधाळ, शिसम जांभळट तपकिरी, बिजा सोनेरी, आणि तेंदूचा गाभा काळाकुळकुळीत. त्या तेंदूला आपण विडीच्या पानापुरतंच ओळखतो, याचं वाईट वाटतं. जवळच चिचपल्लीला बांबूकाम शिकवणारी सरकारी संस्था आहे. तिथंच, आगारातल्या उरल्यासुरल्या फळकुटांवर, हे जडावकामही शिकवायला हवं. एका पेटीला लागतं तरी किती? चार-पाच जातींचे वीतभर पापुद्रे, बारीक करवत आणि सरस.