कारण नसलेला प्रवास

आपल्याकडे नवरा-बायको जोडीनं घराबाहेर पडतात ते लग्नाला, मय्यतीला, दवाखान्यात, नाहीतर उरुसाला. बाहेर पडायला कारण लागतं. ‘नुसतं फिरायला’ हे उत्तर जालन्यातल्या मुस्लिम मोहल्ल्यात अजून चालत नाही, त्यातही पन्नाशी ओलांडलेल्या जोडप्यानं दिलं तर नाहीच. ‘कायको?’ असं पोरं विचारतात, सून विचारते, शेजारीणही विचारते.

खरं तर मजहबनं प्रवासाला किती सोय करून ठेवली आहे! मुसाफिराला चार रकातच्या फर्ज नमाजेऐवजी दोनच. रोजा पुढे ढकलता येतो. जमिनीवर फिरा आणि बघा, असं कुरआन पुन्हा पुन्हा सांगतं. हदीसमध्ये तर पैगंबर (स.) आणि हजरत आयेशा यांनी सफरीत लावलेल्या धावण्याच्या शर्यतीची आठवण आहे. आधी आयेशा जिंकल्या, पुढे एकदा पैगंबर जिंकले. आमच्याकडच्या वाजांमध्ये बायकोच्या कर्तव्यांवर तासतासभर ऐकलं आहे, ही शर्यत मात्र क्वचितच ऐकली.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी आम्ही दोघांनी मोटारसायकलवर दोन दिवसांत तीनेकशे किलोमीटर केले, सगळे घराच्या आसपासचेच. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. म्हणजे इथली बहुतेक जोडपी ज्या वाहनावर फिरतात, त्यालाच तिथं जागा नाही. त्याचं मला दुःख नाही. त्या रस्त्यावरून जिल्हा दिसत नाही, मागे पडतो.

पहिल्या दिवशी राजूरवरून भोकरदन. दोन्ही बाजूंना मका, कपाशी, सोयाबीन आणि उत्तरेला अजिंठ्याच्या डोंगरांची निळसर रेघ. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावर इथल्या दानकर्त्यांची नावं कोरलेली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी इथली माणसं इतक्या लांबच्या स्तूपाला दान देत होती आणि आम्हाला ‘कायको?’ विचारतात.

पुढे असई. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीनं शिंदे-भोसल्यांच्या फौजेला इथं हरवलं. केळणा नदीला पलीकडे जायला उतार नाही, असं वाटाड्ये सांगत होते. पण दोन्ही काठांवर समोरासमोर गावं दिसल्यावर त्यानं ताडलं, माणसं ये-जा करतच असणार. उतार निघाला. ही गोष्ट मी बेगमला सांगितली, तर ती म्हणाली, ‘येवढं तर कोणच्याही बाईला कळलं असतं.’

आता अडचणींचं. निघताना मुलीनं बजावलं होतं, अनोळखी गावात थांबू नका, अम्मी बुरख्यात आहे. तिची भीती खोटी नाही. मोबाईलवर रोज जे येतं ते आम्हीही बघतो. एका टपरीवर दोघांतिघांनी जरा जास्तच रोखून बघितलं. पण ती गावंही आपल्याला मोबाईलवरच बघतात, हे विसरून कसं चालेल? ‘पाव्हणं, कुण्या गावचं?’ हा प्रश्न त्याच टपरीवर आला. जालना म्हटल्यावर बियाण्याच्या भावावर बोलणं सुरू झालं. भीतीपायी आम्ही मोहल्ल्यात आणि ते गावात बसून राहिलो, तर बियाण्याचं बोलणंही होणार नाही.

दुसऱ्या दिवशी अंबडवरून शहागडला गोदावरी बघितली आणि घनसावंगीकडून परत आलो. हा मोसंबीचा पट्टा. असरची वेळ झाली तेव्हा एका मळ्यात विचारलं. तिथल्या मावशींनी हौदावर वुजूला जागा दाखवली आणि धुतलेलं पोतं अंथरलं. गावागावांतल्या मशिदींत बाईला नमाजेसाठी कोपरा नसतो, मळ्यात मिळाला. यावर मशीद कमिट्यांनी काही बोलावं, अशी माझी इच्छा आहे.

भीतीपेक्षा मोठी अडचण वेगळीच निघाली. दोन दिवसांत बाईला जाता येईल असं स्वच्छ शौचालय एकदाच सापडलं. एका पेट्रोलपंपावर तर कुलूप होतं आणि किल्ली ‘मालकाकडे’. बेगम दुपारनंतर पाणीच पीत नव्हती. बायका फिरत नाहीत म्हणणाऱ्यांनी आधी ही किल्ली शोधावी.

आठ तालुक्यांपैकी परतूर, मंठा, बदनापूर राहिले आहेत. बेगमनं थंडीत जायचं ठरवलंय, आणि या वेळी शेजारीणही नवऱ्याला विचारून बघणार आहे.