अचल म्हणविणारा पर्वत

पर्वताला संस्कृतात 'अचल' असे एक नाव आहे. सह्याद्रीविषयी मराठी मनाची श्रद्धाही या नावाला साजेशीच आहे. राज्ये आली आणि गेली, सह्याद्री मात्र जागचा हलला नाही, ही भावना पाठ्यपुस्तकांपासून सभांतील भाषणांपर्यंत सर्वत्र आढळते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीणपाशी आलेल्या एस. टी. बसच्या चालकाला, गाव असावयास हवे तेथे चिखलाचा ढीग दिसला आणि डोंगर गावावर आल्याची वार्ता बाहेर कळली. दीडशेच्या आसपास माणसे त्याखाली गाडली गेली. पुढे २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी यांची तीच गत झाली. इरशाळवाडीत २७ मृतदेह हाती लागले. ५७ जण बेपत्ताच राहिले. प्रत्येक वेळी 'निसर्गाचा कोप' हा शब्दप्रयोग झाला. परंतु ज्याला कोप म्हटले जाते तो या पर्वताचा स्वभाव आहे, आणि हा स्वभाव शास्त्राला अज्ञात नाही.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हारसाचे लोट वाहिले आणि एकावर एक थिजत गेले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूभागावर या खडकाचे आच्छादन आहे. हे थर सारखे नाहीत. घट्ट काळ्या बेसॉल्टच्या थरावर सच्छिद्र, ठिसूळ खडकाचा थर आणि काही ठिकाणी दोहोंमध्ये तांबड्या मातीची पट्टी, अशी ही चळत आहे. टणक थराचा उभा कडा होतो, मऊ थर झिजून उतार होतो. सह्याद्रीला पायऱ्यापायऱ्यांचे रूप आले ते यामुळे. पश्चिमेकडील तुटलेला काठ पाण्याने झिजत झिजत पूर्वेकडे सरकला आणि कोकणावर उभी असलेली कड्यांची भिंत तयार झाली. ज्या कड्यांनी गडांना संरक्षण दिले, ते कडे झिजेनेच घडविले आहेत आणि ती झीज आजही थांबलेली नाही.

पावसाळ्यात घडते ते असे. कड्याखालच्या उतारावर खडकाचा मुरूम, माती आणि ढासळलेले दगड शतकानुशतके साचतात. संततधार पावसाचे पाणी या राशीत मुरते. खाली घट्ट कातळ लागला की त्याला खाली जाण्यास वाट उरत नाही. पाण्याने जड झालेल्या, आतून दाब वाढलेल्या मातीची कातळावरची पकड सुटते आणि सगळा उतार एकाएकी खाली येतो. डोंगर अनेकदा आगाऊ सूचनाही देतो. वरच्या बाजूस जमिनीला भेगा पडतात, झऱ्यांचे पाणी गढूळ होते, झाडे आणि खांब कलतात. रस्त्यासाठी किंवा घरासाठी उताराचा पायथा कापला की वरच्या राशीचा आधारच जातो.

या उताराचे राखणदार म्हणजे त्याच्यावरचे रान. सात वर्षांनी एकदा फुलणारी कारवी ही हौशी प्रवाशांच्या कौतुकाचा विषय असली, तरी तिची दाट झुडपे उताराची माती धरून ठेवतात. देवाच्या नावाने राखलेल्या देवरायांनी झरे जिवंत ठेवले. कासच्या पठारावर जांभ्या खडकावरील वीतभर मातीत पावसाळ्याचे चार महिने जी पुष्पसृष्टी अवतरते, ती त्या खडकावाचून अन्यत्र उभी राहणार नाही. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत कास, कोयना, चांदोली व राधानगरी ही महाराष्ट्रातील चार आहेत. खडक, पाणी आणि रान यांचा हा संसार एकत्र आहे. त्यातील एकाला हात लावला की उरलेल्या दोहोंचा तोल जातो.

पाऊसच विलक्षण पडला, त्याला कोण काय करणार, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. तो अर्धाच खरा आहे. इरशाळवाडीचे नाव धोक्याच्या गावांच्या यादीत नव्हते, असे सरकारनेच विधिमंडळात सांगितले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशभरातील दरडप्रवण भागांचे नकाशे एकास पन्नास हजार या प्रमाणात तयार केले आहेत, हे काम मोलाचे आहे. पण त्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. चाळीस-पन्नास घरांची वाडी त्यावर टिंबाएवढीही मोठी दिसत नाही. वाडी वाचवावयाची तर वाडीच्या मापाचा नकाशा हवा.

धोरणाची कथा याहून निराळी नाही. माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ मध्ये आला, कस्तुरीरंगन यांच्या कार्यगटाचा २०१३ मध्ये. संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा पहिला मसुदा मार्च २०१४ मध्ये, म्हणजे माळीणच्या आधी चार महिने निघाला. सहावा निघाला तो ३१ जुलै २०२४ रोजी. माळीणला बरोबर दहा वर्षे झाली त्याच दिवशी केरळात वायनाडमध्ये दरड कोसळून दोनशेहून अधिक माणसे गेली होती, त्याच्या दुसऱ्या दिवशी. निर्बंध आले तर घर बांधता येणार नाही, शेती मोडेल, ही डोंगरातील शेतकऱ्याची भीती खोटी नव्हे. परंतु तिचे निरसन करण्याऐवजी तिचा आधार घेऊन निर्णय पुढे ढकलण्यात आले, आणि त्याची किंमत त्याच शेतकऱ्याने दिली.

उपाय अशक्य आहेत असेही नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानंतर त्या परिसराचा अभ्यास चिकाटीने चालू राहिला. भूकंपमापकांचे जाळे उभे राहिले आणि त्या संशोधनासाठी कराडला प्रयोगशाळा आली. भूकंपाबाबत जे साधले, ते दरडींबाबतही साधता येईल. डोंगराखालच्या प्रत्येक वाडीची पाहणी, पर्जन्यमापक, भेगा पडल्यास कोठे कळवावयाचे आणि रात्री कोठे हलावयाचे याची ठरलेली व्यवस्था, आणि जेथे पुनर्वसन अटळ तेथे ते शेतापासून दूर न नेता करण्याची तयारी, एवढे तरी व्हावयास हवे. डोंगरी तालुक्यातील शाळेत भूगोलाचा पहिला धडा खिडकीतून दिसणाऱ्या उताराचा असावा. सह्याद्रीचे पोवाडे महाराष्ट्राने पुष्कळ गायिले. त्याच्या पायथ्याशी झोपणाऱ्यांना पावसाळ्यातही निर्धास्त झोप मिळावयाची असेल, तर तो अचल नाही एवढे आता मान्य केले पाहिजे.