मूल परदेशी जाते, फाइल कोठे राहते?

दत्तकविधानाचा अंतिम आदेश देण्याचा अधिकार १ सप्टेंबर २०२२ पासून न्यायालयांकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे आला. बाल न्याय अधिनियमातील या बदलाला मुंबई उच्च न्यायालयात आव्हानही दिले गेले. कोल्हापूरपुरता त्याचा अर्थ असा, की येथील बालकल्याण संकुलासारख्या संस्थेतील एखादे मूल परदेशी दाम्पत्याच्या स्वाधीन करायचे, तर शेवटची सही नागाळा पार्कातील जिल्हाधिकारी कार्यालयात व्हावी लागते. अशा प्रसंगाची बातमी येते तेव्हा मथळ्यात देशाचे नाव ठळक असते आणि मजकुरात मुलाचे नशीब उघडल्याचा उल्लेख असतो. हा आनंद खोटा नाही. तथापि बातमी संपते तेथे एक प्रश्न सुरू होतो आणि तो वीस-पंचवीस वर्षांनी उत्तर मागायला येतो : हे मूल कोणाचे, कोठले, आणि ते लिहून ठेवलेला कागद आज कोणाकडे आहे?

परदेशी कुटुंबाचा प्रवास विमानात बसण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो. त्यांच्या देशातील मान्यताप्राप्त संस्था घरी येऊन त्यांची चौकशी करते. उत्पन्न, आरोग्य, वैवाहिक जीवन, घरातील अन्य मुले, आजी-आजोबांचे मत अशा साऱ्याचा अहवाल दिल्लीच्या केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, म्हणजे ‘कारा’कडे येतो. मग मुलाचे छायाचित्र आणि वैद्यकीय माहिती जाते, होकार येतो, ना हरकत प्रमाणपत्र निघते, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश होतो, मुलाचा पासपोर्ट तयार होतो. हे सर्व झाल्यावरच मूल देशाबाहेर जाऊ शकते. त्यानंतरही दोन वर्षे मुलाच्या प्रगतीचे अहवाल भारतात पाठवावे लागतात. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी.

मुलाच्या बाजूचा प्रवास याहून अवघड असतो. ते सापडलेले असेल, तर बाल कल्याण समिती पालकांचा शोध घेते आणि त्यानंतरच त्याला दत्तकासाठी मुक्त घोषित करते. दोन वर्षांखालील मुलासाठी याची मुदत दोन महिने, त्यावरील मुलासाठी चार महिने. आईने स्वतः स्वाधीन केले असेल, तर तिला फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. पुढे त्याला प्रथम देशातच घर मिळते का, हे पाहिले जाते. भारतीय दाम्पत्यांना बहुतेक वेळा दोन वर्षांच्या आतले, निरोगी मूल हवे असते. अनिवासी भारतीयांनाही २०१५ पासून देशातील पालकांच्याच बरोबरीचा अग्रक्रम आहे. साहजिकच परकीय नागरिकांच्या वाट्याला येतात ती वयाने मोठी झालेली, दुखणे वा अपंगत्व असलेली, किंवा भावंडांसह असलेली मुले. २०२४-२५ या वर्षात देशात ४,५१५ दत्तकविधाने झाली. त्यांपैकी ४,१५५ मुले देशातच राहिली. परदेशी गेलेली तीनशे साठ म्हणजे संख्येने थोडी. पण त्यांतील अनेकांना आपण आधी नाकारले होते, हे विसरून परदेशी पालकांच्या औदार्याची स्तुती करणे सोयीचे असले तरी प्रामाणिक नव्हे.

सहा-सात वर्षांचे मूल नव्या देशात जाते तेव्हा त्याच्याबरोबर त्याची भाषाही जाते आणि ती फार काळ टिकत नाही. आजूबाजूला मराठी बोलणारे कोणी नसेल, तर काही महिन्यांतच ती मागे पडू लागते. संस्थेतल्या ताईंचे नाव, कोपऱ्यातली खाट, पावसाळ्यात गळणारी खिडकी यांच्या आठवणी शब्दांवाचून धूसर होत जातात. अगदी तान्हे गेलेल्याकडे तर तेवढेही नसते. अशा माणसाच्या पूर्वायुष्याचा एकमेव पुरावा म्हणजे त्याची फाइल. कोठे सापडले, कोणी आणले, अंगावर काय होते, सोबत चिठ्ठी होती का, आईने सही केली की अंगठा उमटवला. इतरांच्या घरात या गोष्टी आत्या-मावश्यांच्या तोंडून सहज कानावर पडतात. येथे त्या पुठ्ठ्याच्या दोन पाठींमध्ये बांधलेल्या असतात.

दत्तक हा विषय कोल्हापूरला नवा नाही. करवीरच्या गादीचा दीड शतकाचा इतिहास बव्हंशी दत्तकांचाच आहे. १८७० मध्ये युरोपच्या प्रवासाला गेलेले तरुण छत्रपती राजाराम महाराज परतताना ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्स येथे वारले. आर्नो नदीच्या काठी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले आणि तेथे त्यांची समाधी आजही आहे. त्यांच्यामागे १८७१ मध्ये शिवाजी महाराज (चौथे) दत्तक आले. त्यांच्या हालअपेष्टांवरून ‘केसरी’ने उठवलेला आवाज आणि त्यापायी टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात काढलेले १०१ दिवस सर्वपरिचित आहेत. १८८३ च्या डिसेंबरात नगरच्या किल्ल्यात त्यांचा अंत झाला. १७ मार्च १८८४ रोजी आनंदीबाई राणीसाहेबांनी कागलकर घाटगे घराण्यातील यशवंतराव यांना दत्तक घेतले, आणि ते शाहू छत्रपती झाले. १९६२ मध्ये शहाजी महाराजांनी नागपूरकर भोसले घराण्यातील आपल्या कन्येच्या मुलाला दत्तक घेतले, तेव्हा त्या निर्णयाविरुद्ध कोल्हापूर रस्त्यावर उतरले होते. तेच आजचे शाहू छत्रपती. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत प्रतिस्पर्धी उमेदवार संजय मंडलिक यांनी त्यांच्या दत्तक असण्यावर बोट ठेवले आणि वारशाचा वाद पुन्हा पेटला. मतदारांनी शाहू छत्रपतींना दीड लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून दिले.

या दत्तकांचा हेतू मुलाचे हित हा नव्हता, हे उघड आहे. गादीला वारस हवा होता. जुन्या शास्त्राप्रमाणे दत्तक घ्यायचा तो पुत्रच. मुलीला दत्तक घेण्याची सोय सर्वसाधारण हिंदू कायद्यात झाली ती १९५६ मध्ये. परंतु या राजदत्तकांत एक गोष्ट होती, जी आजच्या बालकेंद्री कायद्याला अजून पूर्णपणे साधलेली नाही. यशवंतरावांचे नाव बदलले, घराणे बदलले, पण ते कागलचे घाटगे होते हे कोणी लपवले नाही. त्यांचे जनक पिता आबासाहेब घाटगे हेच संस्थानचे रीजंट होते. धाकटे बंधू बापूसाहेब आयुष्यभर त्यांच्या निकट राहिले. जन्मघर आणि दत्तकघर ही दोन्ही मुलाच्या डोळ्यांसमोर होती. १९२० मध्ये शाहू महाराजांनी अनौरस संतती आणि जोगतिणी यांच्या हक्कांसंबंधी कायदा केला. जन्माचे नाते असे सहजासहजी पुसू द्यायचे नाही, ही दृष्टी तेथेही दिसते. महात्मा फुले दाम्पत्याने यशवंतला दत्तक घेतले, तेव्हा त्याची आई काशीबाई ही विधवा ब्राह्मण स्त्री होती, हेही झाकून ठेवले गेले नाही.

अर्थात, गुप्ततेलाही कारण होते आणि आहे. फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात काढलेले बालहत्या प्रतिबंधक गृह काय, किंवा १८७५ मध्ये पंढरपुरात उभा राहिलेला बालकाश्रम काय, आईचे नाव फुटणार नाही या विश्वासावरच अशी दारे उघडी राहू शकली. नाव जगजाहीर होणार असते, तर कित्येक बाळे त्या दारापर्यंत पोहोचलीच नसती. आजही अविवाहित मुलगी संस्थेत येते ती याच भरवशावर. म्हणूनच २०२२ च्या दत्तक नियमावलीने ‘मूळ शोधण्या’चा हक्क मान्य करतानाच जन्मदात्यांच्या खाजगीपणाला धक्का लागू नये, अशी अट घातली आहे. अठरा वर्षांवरील दत्तक व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते. आईने स्वाधीन करताना नाव गुप्त ठेवण्यास सांगितले असेल, तर तिची संमती घ्यावी लागते. त्रयस्थाला हा शोध घेता येत नाही. ही व्यवस्था समतोल आहे असे माझे मत आहे. मात्र तिला एक पाया लागतो. जी फाइल मोहोरबंद ठेवायची किंवा योग्य वेळी उघडायची, ती मुळात अस्तित्वात असली पाहिजे, आणि तिच्यात लिहिलेले खरे असले पाहिजे.

दुर्दैवाने परदेशी दत्तकाचा भारतातील इतिहास या दोन्ही बाबतींत निर्दोष नाही. बाल न्याय कायद्याने वाट मोकळी करेपर्यंत परकीयांना येथे दत्तक घेताच येत नसे. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली ते मुलाचे केवळ पालक नेमले जात, मूल पाल्य म्हणून देशाबाहेर जाई आणि दत्तकविधान परदेशात होई. १९८२ मध्ये लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी परदेशी जाणाऱ्या मुलांच्या हालांविषयी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. त्यावर न्या. भगवती यांनी ६ फेब्रुवारी १९८४ रोजी दिलेल्या निकालाने प्रथम काही शिस्त आणली. जन्मदात्यांवर दबाव नको, बाळाच्या जन्मानंतर तीन महिन्यांच्या आत त्यांच्याकडून निर्णय घेऊ नका, आधी देशातच घर शोधा. आणि मूल जाणते झाल्यावर त्याला जन्मदात्यांची माहिती देण्यास फारशी हरकत नसावी, असेही त्यात म्हटले होते. १९९० मध्ये ‘कारा’ स्थापन झाली, २००३ मध्ये भारताने हेग करार मान्य केला. तरीही २०१० मध्ये पुण्याच्या प्रीत मंदिर संस्थेतील दत्तक व्यवहारांतील गैरप्रकारांच्या आरोपांचा तपास उच्च न्यायालयाला सीबीआयकडे सोपवावा लागला. परदेशी दाम्पत्याकडून येणारी रक्कम देशातील पालकांपेक्षा कितीतरी मोठी असते. २०१७ च्या नियमावलीत ती ५ हजार डॉलर होती, तर देशातील पालकांना ४० हजार रुपये. जेथे असा फरक असतो, तेथे कागद सोयीप्रमाणे लिहिण्याचा मोह संभवतो.

याच पुण्यातून गेलेल्या दोघांची उदाहरणे सांगता येतील. ऑगस्ट १९७९ मध्ये ‘श्रीवत्स’मध्ये आलेल्या एका तान्ह्या मुलीला मूळचे मुंबईचे हरेन स्थळेकर आणि त्यांच्या इंग्रज पत्नी स्यू यांनी दत्तक घेतले. ते मुलग्याच्या शोधात आले होते. ती मुलगी पुढे ऑस्ट्रेलियाच्या महिला क्रिकेट संघाची कर्णधार लिसा स्थळेकर झाली, आणि मोठेपणी तिने ‘श्रीवत्स’ला भेट दिली. तिची कथा आपण अभिमानाने सांगतो. दुसरे अरुण डोहले. १९७३ मध्ये ते पुण्यातून एका जर्मन दाम्पत्याकडे गेले. स्वतःची फाइल पाहायला मिळावी म्हणून त्यांना भारतातील न्यायालयांचे उंबरठे झिजवावे लागले. आईची भेट झाली ती २०१० मध्ये. ही कथा आपण क्वचितच सांगतो.

युरोपात मात्र हा विषय आता सरकारदरबारी पोहोचला आहे. नेदरलँड्समध्ये २०२१ च्या चौकशी समितीने परदेशी दत्तकातील गैरप्रकार उघड केले आणि २०२४ मध्ये तेथील सरकारने ही पद्धत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरवले. त्याच वर्षी चीननेही आपली मुले परकीयांना देणे जवळजवळ थांबवले. स्वित्झर्लंडच्या झुरिच आणि थुरगाऊ या प्रांतांनी १९७३ ते २००२ या काळात भारतातून आलेल्या मुलांच्या फाइलींचा अभ्यास करवून घेतला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथाचे नाव आहे ‘आई अज्ञात’. जन्मदात्यांच्या संमतीचे कागदच फाइलींत नसणे, हा त्यातील एक ठळक निष्कर्ष. संमती घेतलीच नव्हती, की घेतलेला कागद भारतातच राहिला, हे त्या मुलांना आज झुरिचमध्ये बसून समजू शकत नाही.

उत्तर असेलच तर ते येथल्या कपाटांत आहे. ‘कारा’ची संगणक प्रणाली २०११ च्या सुमारास सुरू झाली, त्याआधीच्या मुलांचा तपशील शोधायचा तो मुख्यतः संस्था, न्यायालये आणि रुग्णालये यांच्या कागदी दप्तरांत. पंचगंगेच्या काठच्या शहराला कागदाचे काय होते, हे २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर वेगळे सांगण्याची गरज नाही. पाण्याहूनही संथ शत्रू आहेत : वाळवी, बदललेले कर्मचारी, बंद पडलेल्या संस्था, जागा हवी म्हणून केलेली रद्दी. दत्तकाच्या आदेशाचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे देताना शासनाने जो युक्तिवाद केला, तो वेगाचा होता. वर्षानुवर्षे रेंगाळणारी प्रकरणे निकाली निघावीत, ही इच्छा रास्तच. पण जिल्हाधिकारी कार्यालयाजवळ वेगाखेरीज आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे अभिलेख कक्ष. शंभर वर्षांपूर्वीच्या सातबाराचा उतारा काढून देणारी यंत्रणा त्याच्याकडे आहे.

तेव्हा काम फार मोठे नाही आणि त्यासाठी नव्या कायद्याचीही गरज नाही. जिल्ह्यातून आजवर परदेशी गेलेल्या मुलांची यादी करावी. संस्था, जिल्हा न्यायालय आणि रुग्णालय या तिन्ही ठिकाणी त्यांची कोणती कागदपत्रे शिल्लक आहेत हे पाहावे. त्यांची संगणकीय प्रत करून मोहोरबंद ठेवावी, आणि बाहेरून येणाऱ्या अर्जाला उत्तर देण्याची जबाबदारी एका अधिकाऱ्यावर नावानिशी सोपवावी. ज्या आयांनी तीस-चाळीस वर्षांपूर्वी स्वाक्षरी केली, त्या आज साठी-सत्तरीत असतील. त्यांची संमती विचारायची असेल, तर त्यासाठी उरलेला काळ थोडा आहे.