नवी बॅटरी आणण्यापूर्वी



२०१४ साली अँबॅसेडर गाडीचे उत्पादन थांबले. प्रीमियर पद्मिनी तर त्याच्या कितीतरी आधी बंद झाली. तथापि आमच्या खेड्यापाड्यांत ह्या गाड्या अद्याप अनेक अंगणांत उभ्या आहेत आणि अडल्यानडल्या वेळी साऱ्या वाड्याच्या उपयोगी पडत आहेत. बाळंतिणीला रात्री तालुक्याच्या इस्पितळात न्यावयाचे असो, की अत्यवस्थ आजाऱ्याकडे पवित्र तेलासह धर्मगुरूंना आणावयाचे असो, किल्ली फिरवल्यावर नुसता ‘कट्’ असा आवाज होऊन गाडी मुकी राहिली, तर त्या घरावर काय प्रसंग ओढवतो हे सांगावयास नको.

अशा वेळी बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो, ‘नवी बॅटरी आणा.’ गरिबाच्या संसारात हा खर्च लहान नव्हे. शिवाय दोष अन्यत्र असला, तर नवी बॅटरीही महिन्याभरात बसते. म्हणून आधी निदान व मग औषध, हाच क्रम येथेही पाळावा.

प्रथम बॅटरीची टर्मिनले पाहावीत. त्यांवर पांढरा किंवा हिरवट बुरा चढला असेल, तर वीज तेथेच अडते. कामास हात घालण्यापूर्वी गाडीच्या सांगाड्याला जोडलेली अर्थची तार आधी सोडावी व शेवटी जोडावी. काही फार जुन्या गाड्यांत ऋण टोकाऐवजी धन टोक सांगाड्याला जोडलेले असते. तेव्हा डोळ्यांनी खात्री करून घ्यावी. खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने बुरा धुवावा, मात्र ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. मग टर्मिनले कोरडी करून घट्ट आवळावीत व वरून व्हॅसलीन लावावे. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू पेट घेतो. म्हणून जवळ विडी, काडी वा मेणबत्ती कदापि नेऊ नये.

दुसरी पायरी मोजमापाची. साधा मीटर असल्यास, रात्रभर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली गेली की ती जवळजवळ रिकामी समजावी. इंजिन चालू असता आकडा साधारण १४ च्या आसपास यावा. तो वाढतच नसेल, तर बॅटरी निर्दोष असून डायनामो अथवा अल्टरनेटर तिला भरवीत नाही. तेव्हा पट्टा सैल आहे काय, कार्बन झिजले आहेत काय, हे पाहावे.

बॅटरी भरलेली असूनही सेल्फ मारताच दिवे एकदम मंदावत असतील, तर संशय सैल जोडावर किंवा अर्थच्या पट्टीवर घ्यावा. इंजिन रबरी बैठकांवर बसलेले असते. त्याला सांगाड्याशी जोडणारी ही पट्टी गंजली, म्हणजे विजेचा परतीचा मार्गच तुटतो. जुन्या गाड्यांचे निम्मे विचित्र दोष, जसे एक दिवा लावताच दुसरा मिणमिणणे, येथूनच उद्भवतात.

गाडी रात्री उभी करावी आणि सकाळी बॅटरी रिकामी सापडावी, हा तिसरा प्रकार. डिकीतला ५ वॅटचा दिवा जळत राहिला, तर तो सुमारे ०.४ अँपिअर प्रवाह ओढतो. म्हणजे ४० अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांत संपते. ही गळती शोधण्यास १२ व्होल्टचा बल्ब व दोन तारा एवढेच पुरे. किल्ली काढून, दारे लावून, अर्थची तार सोडावी आणि ती तार व बॅटरीचे टोक ह्यांच्यामध्ये बल्ब जोडावा. बल्ब पेटला, तर वीज कोठेतरी जात आहे. मग एकेक फ्यूज काढीत जावे. ज्या फ्यूजने बल्ब विझेल, त्या शाखेत चोर आहे. एकाही फ्यूजने विझला नाही, तर डायनामोच्या कटआउटचे पॉइंट चिकटले आहेत काय, ते जाणत्याकडून तपासून घ्यावे.

फ्यूज वारंवार जळत असल्यास त्याच्या जागी जाड तार किंवा सिगारेटची चांदी गुंडाळणारे पुष्कळ आहेत. फ्यूज जळतो तो आपल्याला वाचवण्यासाठी. त्याचे तोंड बंद केले, तर पुढची पाळी तारांची, आणि त्यानंतर गाडीत बसलेल्या माणसांची.

२५ जुलै रोजी, संत ख्रिस्तोफर ह्यांच्या स्मरणदिनी, कित्येक ठिकाणी वाहनांना आशीर्वाद दिला जातो, आणि त्यांची प्रतिमा आम्ही भक्तीने स्टीअरिंगसमोर लावतो. ते योग्यच आहे. परंतु ज्या देवाने आम्हांला डोळे व बुद्धी दिली, तो प्रतिमेच्या मागची सैल तार आवळण्याचे काम आमच्याकडेच सोपवतो. शेजाऱ्याच्या प्राणसंकटात जी गाडी धावणार, तिची काळजी घेणे हीदेखील शेजारप्रीतीच होय.

तेव्हा पावसाळा सुरू होण्यापूर्वी एखाद्या शनिवारी, उजेड असताना, वरील तपासणी अवश्य करावी. घरातील तरुणांना जवळ बसवून ती शिकवावी. आणि एक पाना, चार योग्य फ्यूज व तो बल्ब गाडीतच ठेवावा.