मिरवणं म्हणजे संग्रह नव्हे

आमच्या शिरूर-दौंड पट्ट्यात जमिनींना भाव आला आणि कमरेचं पिस्तूल स्कॉर्पिओसारखंच स्टेटस झालं. त्यात आता नवीन फॅड: "जुना जर्मन पीस बघतोय रे, अँटिकला लायसन लागत नाही म्हणे!"

हे 'म्हणे' फार महागात पडेल, मित्रहो.

फेब्रुवारी २०२० मध्ये गृहमंत्रालयानं शस्त्र नियम बदलले. अँटिक किंवा क्युरिओ गटातलं छोटं शस्त्र नुसतं बाळगायला परवाना नको, हे खरं. पण वापरायला, सोबत न्यायला, इकडून तिकडे हलवायला लागतोच. थोडक्यात, सूट कपाटाला आहे, कमरेला नाही! आणि गळ्यात मारलेला नग त्या गटात बसलाच नाही तर? ९ मिमी आपल्याकडे प्रतिबंधित बोअर. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असं शस्त्र विनापरवाना सापडलं तर किमान ७ वर्षं, कमाल १४. विकणारा तोवर सिमकार्ड बदलून मोकळा.

मला या पिस्तुलांचं वावडं नाही, उलट वेड आहे. माझ्याकडे एकही नाही, तरी वीकेंड त्यातच जातो. जर्मन सैन्यानं १९०८ साली स्वीकारलेलं ल्यूगर घ्या. मुख्य नंबरचे शेवटचे दोन आकडे बारीकसारीक भागांवर पुन्हा ठोकलेले. जुळले नाहीत तर नग म्हणजे खिचडी. चेकसमच म्हणा ना! माउझरच्या मुठीवरचा लाल ९? मूळ माउझर ७.६३ मिमीचं. १९१६ पासून सैन्यासाठी ९ मिमीची बनली, तेव्हा गोळी चुकू नये म्हणून ही खूण.

ऑगस्ट १९१४ मध्ये क्रांतिकारकांनी कलकत्त्याच्या रॉडा कंपनीची ५० माउझर पळवली. प्रत्येकावर नंबर होता, कंपनीकडे नोंद होती. म्हणून तर त्या पिस्तुलांचा इतिहास लिहिता येतो. नंबर घासून पॉलिश मारलं की उरतं नुसतं लोखंड.

"नुसतं वाचून काय मजा?" दौंडच्या एसआरपीतल्या जवानाला विचारा. हत्यार मिरवायचं नसतं, हिशेबात ठेवायचं असतं, हे तो सांगेल. संग्रहाचंही तेच.

आजोबांच्या ट्रंकेत खरंच काही सापडलं, तर बॅगेत घालून पुण्याला आणू नका. आधी वकील, मग पोलीस ठाणं. आणि आजी आहे तोवर त्यामागची हकिगत लिहून घ्या. पिस्तूल मुद्देमालात पडलं तरी ती तुमच्याकडे राहील.

पटतंय का?