विश्लेषण : सीडर नसतानाही टॉरेंट पूर्ण कसे होते? काय आहे ‘वेब सीड’?

टॉरेंटवरून फाइल डाउनलोड करायला घ्यावी, ९७ टक्क्यांपर्यंत यावी आणि तिथेच अडकावी, हा अनुभव अनेकांनी घेतला असेल. उरलेले तुकडे ज्याच्याकडे होते, त्याने संगणक बंद केलेला असतो. या अडचणीवर ‘वेब सीड’ हा साधा उपाय आहे.

टॉरेंट मुळात चालते कसे?

ब्रॅम कोहेन या अमेरिकी प्रोग्रामरने २००१ मध्ये बिटटॉरेंट आणले. मोठ्या फाइलचे लहान तुकडे होतात आणि ज्याला जो तुकडा मिळाला, तो इतरांना देतो. संपूर्ण फाइल असलेला तो ‘सीडर’. गर्दी असेपर्यंत वेग उत्तम मिळतो. पण गर्दी ओसरून शेवटचा सीडर गेला की फाइल अपुरीच राहते.

वेब सीड काय करते?

टॉरेंट फाइलमध्येच मूळ फाइलचा वेबवरील पत्ता नोंदवलेला असतो. तुकडा कुणाकडेच नसेल, तर टॉरेंट ॲप त्या सर्व्हरकडे फाइलचा नेमका तेवढाच भाग मागते. प्रचलित पद्धतीत सर्व्हरवर वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. फाइलचा मागितलेला भाग देणारा साधा वेब सर्व्हर पुरतो. आलेला प्रत्येक तुकडा टॉरेंटमधील ‘हॅश’शी, म्हणजे त्याच्या डिजिटल ठशाशी, ताडून पाहिला जातो. जुळला नाही तर तो नाकारला जातो.

याचा वापर कोण करते?

‘इंटरनेट अर्काइव्ह’ने २०१२ मध्ये दहा लाखांहून अधिक संग्रहांसाठी टॉरेंट उपलब्ध करून दिले आणि त्यामागे स्वतःचे सर्व्हर वेब सीड म्हणून उभे केले. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’तील अनेक जुनी मराठी पुस्तकेही या अर्काइव्हवर आहेत. अशा पुस्तकाला एका वेळी एखादाच वाचक असतो. त्याला सर्व्हरकडून फाइल मिळते. वाचक वाढले, तर ते एकमेकांना तुकडे देऊन सर्व्हरचा भार हलका करतात.

मर्यादा कोणत्या?

फाइलचा पत्ता बदलला किंवा तिच्यात दुरुस्ती झाली, तर जुन्या टॉरेंटचे वेब सीड निकामी होते. सर्व्हर बंद पडला तरीही तेच. ऑक्टोबर २०२४ मधील सायबर हल्ल्यानंतर इंटरनेट अर्काइव्हची सेवा काही दिवस विस्कळीत झाली होती. अशा वेळी कामी येतात त्या वाचकांकडील प्रती. म्हणजे माणसे नसताना सर्व्हर आणि सर्व्हर नसताना माणसे, असा हा दुहेरी आधार आहे.

टॉरेंट म्हणजे चोरी?

तंत्रज्ञान बेकायदा नाही. परवानगीविना स्वामित्वहक्काची सामग्री वाटणे बेकायदा आहे. भारतात पुस्तकांवरील हा हक्क साधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. त्यापुढचे साहित्य सर्वांचे.

म्हणूनच विद्यापीठे, ग्रंथालये आणि सरकारी खात्यांनी या पद्धतीकडे संशयाने पाहणे सोडायला हवे. अहवाल, नकाशे, जुनी नियतकालिके यांच्या अवजड फाइल आजही अनेकदा एकाच लिंकवर ठेवल्या जातात. संकेतस्थळाची नवी आवृत्ती आली की ती लिंक मरते आणि फाइलही हाती लागत नाही. लिंकशेजारी एक टॉरेंट ठेवायला फारसा खर्च येत नाही. सार्वजनिक पैशातून तयार झालेला दस्तऐवज एकाच सर्व्हरच्या भरवशावर का ठेवायचा?