देहाच्या वाड्यातील बिऱ्हाडकरू

नालछ्याच्या आमच्या शाळेत मध्यान्ह भोजनापूर्वी मुलांना साबणाने हात धुवावयास लावण्याचा परिपाठ आहे. एके दिवशी सहावीतील एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, अंगातले सारेच जंतू मेले, तर आपण कधीच आजारी पडणार नाही ना?" आम्ही घाईत होतो. "अगदी बरोबर," असे म्हणून मोकळे झालो. ते उत्तर चुकीचे होते, हे घरच्याच एका प्रसंगाने आमच्या ध्यानी आले.

नातवास सर्दी झाली होती. कपाटात मागील दुखण्यातील अँटिबायोटिकच्या काही गोळ्या उरल्या होत्या. आजोबांच्या अधिकारात आम्ही त्या देऊन टाकल्या. सर्दी हटली नाहीच, उलट पोराला जुलाब लागले. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, सर्दी विषाणूंची. त्यांच्यावर या गोळ्या चालत नाहीत. तुम्ही मारलेत ते पोटातले मित्र!"

हे मित्र कोण, याचा आम्ही शोध घेतला. आपल्या शरीरातील जंतू पेशींच्या दहापट असतात, असे पूर्वी पुस्तकांतून छापले जाई. २०१६ साली इस्रायलमधील शास्त्रज्ञांनी नवा हिशेब मांडला. सुमारे ७० किलो वजनाच्या पुरुषाच्या देहात पेशी ३० लाख कोटी, तर जंतू ३८ लाख कोटी. म्हणजे जवळजवळ बरोबरीचाच संसार! या जंतूंचे एकूण वजन मात्र २०० ग्रॅमच्या आसपास. त्यांचे मुख्य बिऱ्हाड मोठ्या आतड्यात असते.

हे बिऱ्हाडकरू फुकट राहत नाहीत. धान्याचा व भाज्यांचा जो चोथा आपल्याला पचत नाही, तो ते आंबवितात. त्यातून निर्माण होणाऱ्या आम्लांवर आतड्याच्या अस्तराचे पोषण होते. काही जंतू 'के' जीवनसत्त्व तयार करतात. जागा आधीच व्यापलेली असल्याने रोगजंतूंना सहजी शिरकाव मिळत नाही. निसर्गाची योजना तर पाहा: मातेच्या दुधात अशा काही शर्करा असतात, की ज्या बाळाला पचतच नाहीत. त्या असतात बाळाच्या पोटातील जंतूंसाठी!

जसे अन्न, तसे बिऱ्हाडकरू. भोपाळच्या भारतीय विज्ञान शिक्षा व अनुसंधान संस्थेतील संशोधकांनी भोपाळ व केरळ येथील ११० निरोगी व्यक्तींचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध केला. त्यात भोपाळकडील वनस्पतिप्रधान आहार घेणाऱ्यांत 'प्रिव्होटेला' नावाच्या जंतूंचे प्राबल्य आढळले. माळव्यात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या आपल्या घरांतील मक्याची भाकरी, डाळ, पालेभाजी या केवळ गरिबीच्या खुणा नव्हेत, हे सुनांना व नातवंडांना सांगावयास हरकत नाही.

अँटिबायोटिक हे प्राण वाचविणारे औषध आहे. डॉक्टरांनी दिल्यास सांगितल्याप्रमाणेच घ्यावे. परंतु उरलेल्या गोळ्यांचा साठा करून घरच्या घरी वैद्यकी करणे म्हणजे चोर शोधण्यासाठी साऱ्या वाड्याला आग लावणे होय. शिवाय अशा वापराने रोगजंतू निर्ढावतात आणि खरी वेळ येते तेव्हा औषध निकामी ठरते.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी आम्ही त्या विद्यार्थ्यास पुढे बोलाविले आणि सर्वांसमक्ष सांगितले, "बाळ, तुझा प्रश्न चांगला होता, आमचे उत्तर चुकले." क्षणभर सारे स्तब्ध झाले. मग त्याने विचारले, "मग सर, हात धुवायचे की नाही?"

"धुवायचे तर! पाहुण्यांना उंबऱ्यावर अडवायचे. घरच्यांना हाकलायचे नाही."